बुजवलेल्या बारवेची कादंबरी

कार्तिक वद्य ४, शके १८३३

चौथं प्रकरण फाडलं. पुन्हा! दिवसभर शाळेत पोरांकडून उर्दूची अलिफ-बे घोकून घ्यायचं, संध्याकाळी दिवा लागेपर्यंत ओसरीत बसून मराठी लिहायचं, आणि वाचून पाहिलं तर काय — माती! माझी गोदा कीर्तनकारासारखी बोलते. दीर छळतो, तर ही बाई त्याला संसाराची असारता समजावून सांगते. वच्छलेला वाचून दाखवलं. ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "ही बाई कुठली हो? आमच्यात कुणी असं बोलत न्हाई." आणि सूप आपटून आत गेली.

बायकोलासुद्धा पटत नाही, तिथं पुण्याचा छापखानावाला काय विचारणार!

कार्तिक वद्य ९

एक ओळ नाही.

मार्गशीर्ष शुद्ध २

कुठून सुचली ही गोष्ट, असं वच्छलेनं आज विचारलं. गावाबाहेरच्या बारवेवरून. मी अंबडकडचा, इथं बदलून आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती बारव दिसली. दगडी पायऱ्या, कोनाडे, आणि काठोकाठ धोंडे भरलेले! विचारलं तर लोक म्हणाले, पलेगात सारं गाव रानात झोपड्या घालून राहिलं, तेव्हा पाणी बाधलं, म्हणून सुंदरराव देशमुखांनी बुजवली. पाणी बाधलं म्हणून एवढे धोंडे? बैलगाड्या लावून? तेवढ्यावरून मी गोदा रचली. देशमुखी घरातली विधवा सून. दीर तिची जमीन मागतो, ती देत नाही. गाव ओस पडलेलं असताना तो तिला बारवेत लोटतो आणि पलेगानं गेली अशी आवई उठवतो. सगळं मनचं. एक अक्षर कुणी सांगितलेलं नाही.

वच्छला म्हणाली, "मनचं इतकं वंगाळ कावून येतंय तुमच्या?"

पौष शुद्ध ६

संपली! शेवटचं वाक्य लिहिलं आणि बाहेर जाऊन उगाच पिंपळापर्यंत चालून आलो.

पौष शुद्ध ८

वाचली. संपली ती कादंबरी नव्हे, संपलो तो मीच. पानंच्या पानं सूर्यास्त! गोदा मरते तिथं चंद्राला मी 'साक्षी' केलंय. लाज वाटते.

पौष वद्य १

सरकारी मास्तरानं पुस्तक छापायचं तर इजाजत पाहिजे. अर्ज केला होता. तहसीलदारांनी तो धारूरच्या पोलीस ठाण्यावरच्या अमीनसाहेबांकडे तपासायला धाडला — सरकारविरुद्ध काही आहे का! अमीनसाहेबांना मराठी वाचता येत नाही. तेव्हा मी आठवड्यातून एकदा घाट चढून ठाण्यावर जायचं आणि सगळी कादंबरी त्यांना उर्दूत सांगायची. असं नशीब!

पौष वद्य ७

पहिली बैठक. सूर्यास्ताची दोन पानं उर्दूत सांगायला गेलो. जीभच वळेना. शेवटी म्हणालो, "शाम हुई." झालं! दोन पानांचं एवढंच निघालं. अमीनसाहेब हुक्का ओढत जांभया देत होते. मध्येच म्हणाले, "मास्टर, औरत कब आती?" गोदा चौथ्या प्रकरणात येते.

घरी येऊन पहिली तीन प्रकरणं काढून टाकली. त्यांत माझा सारा पावसाळा गेला होता.

माघ शुद्ध ५

गोदाचं बोलणं नव्यानं लिहिलं. वच्छलेच्या तोंडचं, विहिरीवरचं. बरं आहे की वाईट, मला कळत नाही. आता काहीच कळत नाही. दुसऱ्याचं पुस्तक हातात घेतलं की वाटतं, ही माणसं लिहितात. मी नुसती शाई सांडतो.

माघ वद्य ३

आज ठाण्यावर सुंदरराव देशमुख बसले होते. अमीनसाहेबांकडे त्यांचं येणंजाणं आहेच. मी उठायला लागलो तर तेच म्हणाले, "बसा की मास्तर, आमी बी ऐकू." मी खूश झालो! बारवेचा प्रसंग सांगितला. चांगला रंगला. डोळे उघडून बघतो तर देशमुखांचा विडा हातातच. चुना लावलेलं पान तसंच ठेवून उठले आणि निघून गेले. पागोटंसुद्धा नीट केलं नाही.

मला वाटलं, कंटाळले.

माघ वद्य ५

देशमुखांनी वाड्यावर बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी नाही. मनानं लिहिलंय."

"मनानं?"

"देवाशपथ!"

जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मंग मनातच ठिवायचं होतं, मास्तर. घाटात लई वळणं हायती. यकटा जातूस येतूस."

मी काय केलं? एक गोष्ट रचली!

माघ वद्य ८

शाळेत दोनच पोरं. वच्छलेला विहिरीवर कुणी दोर देईना. रिकामी घागर घेऊन परत आली. ती पालथी घालून चुलीपाशी बसली.

फाल्गुन शुद्ध ४

बदलतोय. बारवेची नदी केली. देशमुखाचा सावकार केला. गोदा विधवा नाही, पाय घसरून पडते, कुणी लोटत नाही. आता कुणालाही राग येणार नाही. कुणाला काहीच वाटणार नाही! या हातांनी प्रेत धुतल्यासारखं वाटतं. मागची मूळ प्रत फाडायला काढली होती. वच्छला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." आणि पानं उचलून फडताळात ठेवली.

फाल्गुन शुद्ध ११

अमीनसाहेबांना बदललेली गोष्ट सांगितली. त्यांनी हुक्का बाजूला सारला. "पहले वाली औरत किधर गई?"

"बदल दी, साहब."

"क्यूं? कौन बोला?"

मी सगळं सांगून टाकलं. विडा, घाटातली वळणं, रिकामी घागर. हेही सांगितलं, की सारं मनचं आहे, देशमुखांचा यात काही संबंध नाही. ते म्हणाले, "मास्टर, आपकी तो मन की है. उनको गुस्सा काहे का आया?"

मग विचारलं, बारव कुठं आहे.

फाल्गुन वद्य २

लिहिणं सोडलं. मी लेखक नाही. हे आधीच मान्य केलं असतं तर निदान बायकोला पाणी मिळालं असतं.

फाल्गुन वद्य ६

ठाण्याचे लोक मजूर घेऊन आलेत. बारवेतले धोंडे निघताहेत. सगळं गाव तिकडं आहे. मी दार लावून बसलोय. देवा, तिथं काही नसू दे! काही निघालं नाही तर मी खोटा, निघालं तर — नको, नसू दे.

फाल्गुन वद्य ८

हाडं निघाली. गाळात पितळेची घागर, तिच्यावर नाव कोरलेलं — भिवराबाई. लग्नात आहेर दिलेल्या भांड्यावर नवरीच्या आईचं नाव असतं. म्हाताऱ्यांनी लगेच ओळखलं. सुंदररावांच्या मेलेल्या भावाची बायको, कौशल्या. माहेर कड्याचं. पलेगानं गेली, तिथंच रानात जाळली, असं सांगितलं होतं. देशमुखांना बीडला नेलं.

लोक मला नमस्कार करायला लागले. दोन जणांनी विचारलं, अंगात येतं का!

तिथं खरंच एक बाई धोंड्यांखाली होती, आणि मी इथं ओसरीत बसून चंद्राला कुठं ठेवावं याचा विचार करत होतो. तिच्या मरणाची मी प्रकरणं पाडली. चांगला रंगला म्हणून खूश झालो!

सगळी पानं चुलीत घालणार. उद्या.

फाल्गुन वद्य ११

भिवराबाई आली. कौशल्येची आई, कड्याहून. उंबऱ्यातच बसली. वच्छलेनं दिलेलं पाणी तसंच समोर ठेवलं. "मास्तर, माझी पोर सरतेशेवटी काय म्हणली?"

मी म्हणालो, मावशी, मला ठाऊक नाही, मी तुमच्या लेकीला कधी पाहिलं नाही, हे सारं रचलेलं आहे.

"तुमी लिवलंय म्हणत्यात. वाचा."

वच्छलेनं मूळ प्रत आणून माझ्या मांडीवर ठेवली. मी वाचलं. माझाच आवाज मला ओळखू येत नव्हता. गोदा बारवेच्या पायरीवर उभी आहे, दीर वाट अडवतो, आणि ती म्हणते, "सरा बाजूला, भावजी. मला घागर भरायचीय. अन् जमीन माझीच हाय."

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. "व्हय," म्हणाली. "अशीच बोलायची ती."

मग पदर सोडून म्हणाली, "पुन्यांदा वाचा."