ठोकून न पाह्यलेली भिंत

७ एप्रिल, जळगाव जामोद
आलो बाप्पा एकदाचे! नऊ वर्षं भाड्याच्या खोल्या झाडल्या, आज स्वतःच्या घरात चहा केला. दोन खोल्या, सैपाकघर, मागं पेरूचं झाड. भिंती पांढऱ्याशुभ्र, रंगाचा वास अजून गेला नाही. भन्तेजींनी परित्राणपाठ घेतला, मग खीर झाली. आमची सात वर्षांची मयुरी या खोलीतून त्या खोलीत नुसती पळून राह्यली होती. मागची खोली आपली, हे तिनंच ठरवलं.

माहा भाऊ संघपाल इंजिनियर आहे. तो म्हणत होता, ताई, घेण्याआधी मले एक दिवस दे, हातोडीनं भिंती ठोकून पाहतो, पाया पाहतो. पण मयुरीचे बाबा नाही म्हणाले. घर महादेवराव सरायचं, आणि सर म्हणजे ह्यायचे शाळेतले गुरुजी. गुरुजींचं घर ठोकून पाहायचं म्हणजे त्यायले तोंडावर खोटं म्हणणं, असं ह्यायचं म्हणणं. मलेही पटलं. मीच संघपालले फोन केला, येऊ नको म्हणून.

१५ एप्रिल
मागच्या खोलीत खार फुटला. हा सारा खारपाणपट्टाच, जमिनीतलं पाणी खारट, भिंतीले पांढरं येणं इकडं नवं नाही. पण आठ दिवसांत? रंगाचे पापुद्रे निघून राह्यले. हात लावला तं भिंत ओली. बाहेर ऊन असं की पेरूची पानं करपली. मयुरी पाणी लय पिते. उन्हाळाच आहे म्हणा.

२२ एप्रिल
सकाळी भरलेला माठ दुपारी बारालेच रिकामा. मयुरीचे ओठ फाटले. डॉक्टर म्हणे अंगातलं पाणी कमी झालं. सलाईनच्या चार बाटल्या लावल्या, दोन दिवसांत पुन्हा तेच. रक्त तपासलं, लघवी तपासली, सारं ठीक म्हणे. तिची खाट जिथं आहे तिथली भिंत सगळ्यांत जास्त ओली. सरायले पाच फोन केले, एक उचलला नाही. गुरुजी म्हणे!

२५ एप्रिल
शेवटी संघपालले बोलावलं. कोणत्या तोंडानं बोलावलं ते माहं मले ठाऊक. टोचून एक शब्द बोलला नाही, त्याचाच जास्त राग आला. त्यानं हातोडी मारली. पोपडा पडला, आत पुट्टीचे तीन थर. तीनदा झाकलं होतं हे! मग त्यानं पायापाशी कमरेइतकं खोदलं. माती भुकटीसारखी कोरडी. त्या भिंतीत नळ नाही, वर टाकी नाही. संघपाल म्हणे, ताई, खालून नाही, वरून नाही, मग हे पाणी येते कुठून?
मी भिंतीवर बोट फिरवून चाखलं. आमच्या बोअरचं पाणी कसं लागते ते मले माहीत आहे. हे तसं नव्हतं. हे घामासारखं लागत होतं.

२८ एप्रिल
मयुरीले बहिणीकडे नांदुऱ्याले नेलं. तिथंही सुकतेच आहे. इथं रिकाम्या खोलीत भिंत आणखी ओली. परत आणलं.

३० एप्रिल
ह्यायले घेऊन सरायच्या पोराच्या घरी गेली. चप्पल हातात घेऊनच गेली. अंगणात त्यायची नात दोरीवरच्या उड्या मारत होती.
सरायनं नाकारलं नाही. म्हणे, ज्याच्या नावावर ते घर, त्याच्या घरातलं लेकरू सुकते. मलेही घेतल्यावरच समजलं. नात मरायले टेकली होती, तुमच्या नावानं खरेदी झाली त्याच दिवशी उठून बसली. म्हणे, माफ कर बाई.
माफ! आणि हे, सवयीनं पाया पडायले वाकले. दंड धरून मागं ओढलं मी.

४ मे
हे भिंतीले पुट्टी लावून राह्यले. चौथा थर.
भांडली. ब्रश हिसकून अंगणात फेकला. मग मयुरीच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाह्यली — सोडली तरी तशीच उभी.
ब्रश उचलून दिला.

९ मे
गिऱ्हाईक आलं. अविनाश म्हणून कोणी, इकडं बदली झाली. बायको डिंपल. पाच वर्षांची पोरगी, पायल. मयुरीले शेजारी ठेवलं होतं.
डिंपलनं विचारलं, ताई, एखाद्या जाणत्या माणसाले घर दाखवावं काय?
मी हसली. म्हटलं, कायले वो, आम्ही राहतोच ना इथं.
ती बरं म्हणाली. अवं, बरं काय म्हणतं! भांड माह्याशी! आण कोणाले, ठोक ती भिंत, पाड सारे पोपडे, थुंक माह्या तोंडावर!
नुसती बरं म्हणाली.

१३ मे, रजिस्ट्रीच्या कचेरीत, बाकावर
सह्या झाल्या. अंगठे झाले.
मयुरी मांडीवर — डोळे उघडले. केळ मागितलं. पाणी नाही, केळ —
रडू येत नाही. राग येऊन राह्यला. सरायचा, ह्यायचा, माहा —
समोर डिंपल. पायलनं बाटली संपवली. दुसरी दिली. तेही —
पायल आईचा पदर ओढते. ओठ —
डिंपल उठली. इकडंच येऊन राह्यली. म्हणते, ताई, तुमच्याजवळ थोडंसं पाणी —