माणसं नसलेले फोटो

मनामा (बहारीन), १२ मार्च १९९६

ती. समाधानदादास,
मैत्रीचा सविनय जय भीम. वि. वि.

सुजीत सुट्टीवर तिकडे येताना माझा कॅमेरा घेऊन आला, आणि रोल आतच! चार-पाच फोटो उरले होते म्हणे. तुझ्या सुयोगच्या नामकरणाला वापरू, फुकट कशाला घालवायचे? मी ऑफिसात, विचारणार कोणाला?

दादा, त्या रोलमध्ये माझी फुलं आहेत. यंदा पाऊस बरा झाला आणि झल्लाकच्या माळावर नखाएवढी पिवळी-जांभळी फुलं उगवली. कॅमेरा क्लबबरोबर दर शुक्रवारी पहाटे जाऊन मी ती टिपली. एप्रिलअखेर क्लबचं प्रदर्शन आहे. जूनमध्ये सुजीतचं कॉन्ट्रॅक्ट संपतं की आम्ही दोघं भारतात परत, मग कुठलं वाळवंट आणि कुठला क्लब! माझा एक तरी फोटो त्या भिंतीवर लागायलाच हवा. रोल धुऊन सगळे फोटो आणि निगेटिव्ह सुजीतबरोबर पाठव.

आईला जय भीम, सुयोगला पापा. माया आहेच, ती वाढू दे.
तुझी मैत्री

अकोला, २८ मार्च १९९६

चि. मैत्रीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा रोल धुऊन झाला होता. स्टुडिओवाला उस्मान घरचाच माणूस. आपले पैसे वाचवायला त्याने माणसं असलेल्याच फोटोंच्या प्रिंट काढल्या. बाकी नुसती जमीन दिसत होती, बटण चुकून दाबलं गेलं असं त्याला वाटलं. निगेटिव्हच्या त्या पट्ट्याही त्याने कापून फेकून दिल्या. पत्र वाचून मी तसाच पळालो, पण कचरा केव्हाच गेला होता. रागावू नकोस असं कोणत्या तोंडाने म्हणू?

नामकरणाचे फोटो झकास आलेत. तुझा एकच निघाला, वाळूत पालथी पडलेली. आई तर पोरीला भोवळ आली म्हणाली. ती फूल बघतेय असं सांगितलं, तर म्हणे, त्यासाठी लोळायचं कशाला? सगळे फोटो सुजीतरावांकडे दिलेत.

तब्येतीला जप, या वेंधळ्या भावावर जीव असू दे.
तुझा दादा

मनामा, ५ मे १९९६

ती. दादास,
जय भीम. वि. वि.

आधी लिहिलेली दोन पत्रं फाडली, त्यात नको ते लिहून गेले होते. सुजीतशी तर आठवडाभर बोलले नाही. कॅमेरा परत आला, पण तोवर उन्हाने माळ करपून गेला होता.

क्लबच्या ताहिरभाईंनी फोटो मागितला, तेव्हा मी वैतागून तू पाठवलेलं फोटोंचं पाकीटच त्यांच्यापुढे टाकलं. त्यांनी नेमका माझा तो पालथा फोटो उचलला. वाऱ्याने फूल हलू नये म्हणून मी ओढणी आडवी धरून पडले होते, आणि माझा कॅमेरा सांभाळणाऱ्या ताहेराने, त्यांच्या बायकोने, गंमत म्हणून बटण दाबलं होतं. फोटो भिंतीवर लागला. खाली नाव ताहेराचं. बटण तिनेच दाबलं होतं, भांडू तरी कशावरून?

प्रदर्शनात एका बाईने मला ओळखलं. फोटोतल्या त्या तुम्हीच ना, असं विचारलं आणि कौतुकाने म्हणाली, की तुम्हीही कधीतरी कॅमेरा हातात घेऊन बघा.

लोभ असावा असं आज लिहवत नाही. आहे तेवढा राहू दे.
मैत्री