क्रॉसबोची तपासणी, मुद्दे चौदा

८ डिसेंबर, सोमवार. दुपारी ४.
पार्सल आलं. दारव्ह्याच्या कुरिअरवाल्याने खोक्यावरचं 'हंटिंग क्रॉसबो' वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत खोक्याकडे. मी सांगितलं, फिजिक्सचं उपकरण आहे. खोटं नाही. स्थितिज ऊर्जेचं गतिज ऊर्जेत रूपांतर. बी.एस्सी.ला हा प्रश्न सहा मार्कांना होता.

परतीच्या जीपमध्ये खोकं मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, शिलाई मशीन आहे काय. हो म्हटलं. हे मात्र खोटं. प्रायश्चित्त म्हणून उद्या चहात साखर नाही.

तत्त्व आधीच लिहून ठेवते. शिकार करायची नाही. कायदा आहे, आणि डुकरालाही आई असते. तीराच्या टोकाला चपलेचं रबर बसवायचं आणि तुरीच्या बांधावर टांगलेल्या पत्र्यावर तो मारायचा. लांबून, अचूक. रानडुकरं पळतील. इजा नाही, फक्त समज.

कारण: बा दिवाळीपासून रोज तुरीत जागलीला जातो. मचाणावर बसून डबा वाजवतो. सकाळी येतो तेव्हा डोळे लाल, गुडघे आखडलेले, आणि तसाच परत कामाला. परवा तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर पंधरा माणसांसमोर मी जाहीर केलं, संक्रांतीपर्यंत लखीराम आडे घरी निवांत झोपेल. उत्तमसिंग नायकाने विचारलं, कसा. म्हटलं, विज्ञानाने. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे कोणी हसलं नाही. म्हणजे मोठ्याने नाही.

संकल्प: मॅन्युअलमधले तपासणीचे चौदा मुद्दे पूर्ण झाल्याशिवाय एकही तीर सोडायचा नाही.

९ डिसेंबर. सकाळी ८.
चहात साखर घातली. थंडी होती.
मॅन्युअल इंग्रजीत, बत्तीस पानं. पहिली बारा पानं नुसत्या वॉर्निंग. त्या निष्काळजी लोकांसाठी असतात. सोडल्या.

११.३०. जोडणी पूर्ण. कमानीची दोन पाती, दोरी, दुर्बीण, पुढे पाय अडकवायची लोखंडी कडी. दिसायला फार शास्त्रीय. दोन चकचकीत रिंगा आणि एक स्क्रू उरला. कंपनीने जास्तीचे दिले. अजून प्रामाणिक लोक आहेत.
मुद्दा १, सगळे भाग आले का: हो. उलट जास्तच.
मुद्दा २, ३: हो.
मुद्दा ४, स्क्रू घट्ट आहेत का: जे लावले ते सगळे घट्ट.
मुद्दा ५, ६: हो.

याडीने रिंगा मागितल्या. दिल्या. शिकलेल्या मुलीकडून आईला काहीतरी मिळालंच पाहिजे.

संध्याकाळी रिंगा याडीच्या सणाच्या कांचळीवर. दोन्ही बाह्यांवर एकेक, आरशांच्या मधोमध पक्क्या शिवलेल्या. शोभतात.

१० डिसेंबर. दुपारी १.
मुद्दा ७, दोरी ओढून खटक्यात अडकवणे. कडीत पाय द्यायचा, दोन्ही हातांनी सारखी ओढायची. चित्रातला माणूस हसत हसत ओढतो.
पहिला प्रयत्न: चार बोटं आली.
दुसरा: तीन.
तिसरा: मीच पुढे गेले.

याडी विचारायला आली, भाकर आता खातेस का मागून. उभी राहून पाहिलं. मग मला बाजूला सारून कडीत पाय दिला, ओढली आणि अडकवली. तेवढ्यात परत विचारलं, आता का मागून.

याडीची पद्धत शास्त्रीय नव्हती. तीस वर्षं कापसाची गाठोडी वाहिल्यावर माणसाला फोर्स म्हणजे काय हे कळेनासं होतं, म्हणून जमलं.

२.१५. दोरी सोडायची कशी ते सापडेना. नाइलाजाने वॉर्निंग उघडल्या. पान तीन: तीर न लावता दोरी कधीही सोडू नये, पाती फुटतात. पान चार: एकदा ओढली की मऊ वस्तूत तीर मारूनच मोकळी करावी.
ही माहिती त्यांनी पुढे कुठेतरी द्यायला हवी होती.

सायंकाळी. ताणलेला क्रॉसबो भिंतीकडे तोंड करून पिठाच्या डब्यावर ठेवला आहे. घरात सगळे हळू चालतात. बा अंगणात जेवला आणि जागलीला रोजच्यापेक्षा लवकर गेला. शेतावरची त्याची निष्ठा पाहून माझा निश्चय पक्का झाला.

११ डिसेंबर. दुपारी ३.
मऊ वस्तू मिळाली, आणि तीही घरचीच. टिनाच्या शेडमध्ये आमचा वर्षाचा कापूस छतापर्यंत लागला आहे. याहून मऊ वस्तू कंपनीवाल्यांनी पाहिली नसेल.

अंगणात वीस पावलं मोजली. दुर्बिणीतून कापूस ढगासारखा दिसला. ट्रिगर दाबताना डोळे मिटले गेले, पण निशाणा आधीच घेतलेला असल्याने फरक पडत नाही. फट् असा आवाज. डोळे उघडले तर तीर नाही. कापसाने गिळला.

एका तीराने दुर्बीण तपासता येत नाही. पाचही मारले. दर वेळी याडीला हाक मारली. ती चुलीपुढून उठे, दोरी ओढे, परत जाई. चौथ्या वेळी तिने क्रॉसबोकडे पाहिलंही नाही, हातातलं पीठ दोरीला लागलं.

मुद्दा ८ ते १२, निशाणा: पाचपैकी पाच कापसात. शंभर टक्के. बी.एस्सी.लाही इतके नव्हते.
तीर उद्या काढेन. आता खांदा दुखतो.

१२ डिसेंबर. सकाळी १०.
शेजारचा रूपसिंगकाका आला. त्याची काळी प्लास्टिकची टाकी कालपासून गळते, अंगणात चिखल झाला. ही टाकी आमच्या शेडच्या डावीकडे, कुंपणापलीकडे आहे. मी त्याला समजावलं की उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं. कंपनीला तक्रारीचा अर्जही लिहून दिला, दोन पानी. काका म्हणाला, पोरगी शिकली त्याचा हा फायदा. अशा वेळी वाटतं, आपण गावासाठी किती काय करू शकतो.

दुपारी नायकाने विचारलं, डुकरं पळाली का. म्हटलं, सध्या सेटअप चालू आहे.
तीर काढायचे राहिले. अर्ज लिहून बोटं दुखतात.

१३ डिसेंबर, शनिवार. सकाळी ९.
केस धूत होते. बाहेर गाडीचा हॉर्न. जिनिंगला कापूस न्यायला मेटॅडोर. बा चार माणसं घेऊन कापूस भरत होता, अर्धी शेड रिकामी.

आठवलं. तीरांची टोकं लोखंडी, रबर बसवायचं राहिलेलं. जिनिंगच्या मशिनीत लोखंड गेलं की ठिणगी, आणि भोवती सगळ्या तालुक्याचा कापूस.

केसांना साबण तसाच. जाऊन गाडीसमोर उभी राहिले. ड्रायव्हरला वाटलं मोर्चा आहे. बाला सांगितलं, कापसात तीर आहेत.

बा म्हणाला, "किती?"

"पाच."

बा गाडीच्या पायरीवर बसला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मग ड्रायव्हरला म्हणाला, "खाली कर गा." एवढंच.

रात्री १०. सगळा कापूस ताडपत्र्यांवर ओतला. याडीने हाका मारल्या, तांड्यातल्या वीसेक बाया आल्या. शेतात एकदा वेचलेला कापूस अंगणात दुसऱ्यांदा वेचायला बसल्या. कोणीतरी म्हणालं, असं पीक पहिल्यांदाच पाह्यलं, आत तीर पिकते. मग गाणी सुरू झाली. माझ्यावर एक नवीन गाणं दुपारपर्यंत तयार होऊन सगळ्यांना पाठ झालं. चाल चांगली आहे.

सापडलं ते: एक विळा, एक पैंजण, बाची गेल्या महिन्यात हरवलेली बॅटरी, आणि तीर चार.

पाचवा सापडेना. ड्रायव्हर म्हणाला, पाचव्याशिवाय गाडी हलवणार नाही. तिसऱ्यांदा वेचायला सुरुवात झाली. तेव्हा रूपसिंगकाका काय चाललं ते बघायला आला. मग विचारलं, "लाल पिसाचं हाय काय?"

आम्ही सगळे त्याच्या टाकीपाशी गेलो. तीर टाकीत अर्धा रुतला होता आणि त्याच्या कडेने पाणी झिरपत होतं.

"मले वाटलं, तूच भोक बुजवलं," काका म्हणाला.

माझा दोन पानी अर्ज त्याच्या खिशातच होता. परत मागून घेतला.

पाचही तीर नायकाने स्वतःच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. गाडी अंधार पडायच्या आत गेली.

जमेची बाजू: जिनिंगवाल्याने बाला सांगितलं की इतका साफ कापूस या वर्षी कोणाचा आला नाही, एक काडी नाही, पान नाही. याचं श्रेय कोणालाच देता येणार नाही असं याडी म्हणाली. माझं मत वेगळं आहे.

१६ डिसेंबर.
उरलेल्या वॉर्निंग वाचल्या. पान नऊ, जाड अक्षरात: दोन रिंगा आणि स्क्रू दुर्बिणीखाली बसवावेत, नाहीतर ती कलते आणि तीर डावीकडे जातो.
म्हणजे दोष माझ्या नेमबाजीचा नव्हता. फार हलकं वाटलं.

याडीकडे रिंगा मागितल्या. ती म्हणाली, "धनुष्य तुह्यं, रिंगा माह्या." संक्रांतीला तीच कांचळी घालणार आहे.

२९ डिसेंबर.
तीर परत मिळावेत म्हणून नायकाला अर्ज दिला. अर्ज वाचून दाखवायला त्याने मलाच बोलावलं. मन लावून ऐकला. मग नाही म्हणाला.
डुकरांनी तुरीच्या आणखी चार ओळी मोडल्या. बाला खोकला. विचारलं तर म्हणतो, धूळ.

४ जानेवारी.
मुद्दा १३, दोरीला मेण: लावलं. दोरी अजून वापरात नाही, पण ती कोरडी पडता कामा नये.

१३ जानेवारी. सायंकाळी.
नायकाच्या ओट्यावर तेच पंधरा जण. नायक म्हणाला, "उद्या संक्रांत हाय, बाई." बा मात्र म्हणाला, पोरगी अभ्यास करून राह्यली, होईल पुढच्या साली. तो खोटं बोलला. माझ्यासाठी. पंधरा माणसांसमोर.

मला राहवलं नाही. म्हटलं, उद्या बा घरीच झोपेल. नायकाने विचारलं, कसा. म्हटलं, जागलीला मी जाते.

या वेळी हसले. मोठ्याने.

१४ जानेवारी. दुपारी ४.३०.
निघते. बाची काठी, बाचं घोंगडं, बाचा डबा. शेजारच्या मचाणावर रूपसिंगकाका असतो, म्हणून याडीने हरकत घेतली नाही. क्रॉसबोही नेते. तीर नाहीत, पण डुकरांना ते माहीत असण्याचं कारण नाही.
संकल्प: एक क्षणही डोळा लागू द्यायचा नाही.

१५ जानेवारी. सकाळी ७.३०. मचाण.
पूर्ण यश.
काठी पहिल्या तासातच मोडली. मग क्रॉसबो उलटा धरून त्याच्या लोखंडी कडीने डबा वाजवला. काय आवाज येतो. अनुनाद. थंडीत हवा जड असते, त्यामुळे लांब जातो. मॅन्युअलमध्ये या उपयोगाचा उल्लेखच नाही. कंपनीला कळवेन.
एकदाही थांबले नाही. एक डुक्कर फिरकलं नाही. रूपसिंगकाका मध्येच मचाण सोडून घरी गेला, काहीतरी काम आठवलं असेल.
मुद्दा १४, उपकरण प्रत्यक्ष वापरासाठी सिद्ध: हो.

८.००. बा चहा घेऊन आला. डोळे लाल. विचारलं, घरी झोप कशी लागली.

"झोप कुठची?" बा म्हणाला. "रातभर तुहा डबा वाजून राह्यला होता. सारा तांडा बसून होता."

नायकाचा निरोप आहे, आजपासून लखीरामच जागलीला जाईल, हा पंधरा जणांचा एकमताने ठराव. नायक स्वतः निरोप सांगायला येणार होता, पण पहाटे आवाज थांबल्याबरोबर तो झोपला तो अजून उठला नाही.

एवढं सांगून बा घोंगड्यावर आडवा झाला. टेकायला, म्हणाला. मी चहा ओतेपर्यंत घोरायला लागला. ऊन तोंडावर आलं तरी हलला नाही. खोकलाही नाही.

८.४०. अजून झोपलेला. निवांत.

पहिलं पान काढून पाहिलं. संक्रांतीपर्यंत लखीराम आडे घरी निवांत झोपेल. एका दिवसाचा फरक धरत नाहीत.

'घरी' हा शब्द खोडला.