आधी तुकड्यावर

३ फेब्रुवारी

पुन्हा शाळेतून फोन! दुकानात ही गर्दी, औषधांच्या काउंटरवर मी एकटी, आणि पलीकडून वर्गशिक्षिका — "ताबडतोब या." मालकांच्या कपाळाला आठ्या. गेले.

भिंगरी वर्गाच्या खिडकीच्या कठड्यावर चढून उभी होती. आतल्या बाजूने, नशीब माझं. का? तर पंखा जवळून कसा दिसतो ते बघायला. आठ वर्षांची घोडी! बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण एका जागी बसेल तर शपथ. कुठेतरी दाखवून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी तिला इथे ठेवणं अवघड आहे."

दाखवून घ्या! पोर आहे का बंद पडलेला मिक्सर?

घरी येताना विचारते, "आई, तू माझ्यावर रागावलीस की बाईंवर?" दोघींवर. सगळ्या जगावर.

४ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. त्याचं ठरलेलं उत्तर — "मीपण असाच होतो. काय बिघडलं माझं?"

मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. या घरात राहायला आलो तेव्हापासून ओट्यावरच्या कपाटांना दारं नाहीत. म्हणजे दारं तयार आहेत! पलंगामागे उभी, धूळ खात. नवरा सुतार. लोकांच्या घरी दारं अशी बसवतो की केसभर फट सापडणार नाही. घरी एक बिजागरी ठोकली, स्क्रू आणायला म्हणून बाहेर पडला, वाटेत कुणी भेटलं, की संपलं. ती बिजागरी अजून तिथेच लोंबते आहे. आणि ते अर्धं बोट? करवतीत गेलं. का, तर "क्षणभर लक्ष नव्हतं गं."

क्षणभर!

तो हसला. हसण्यावारी नेण्यात याचा हात कोण धरणार.

८ फेब्रुवारी

मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. मनाचे डॉक्टर आहेत. तिच्याकडून खेळ करून घेतले, आम्हाला शंभर प्रश्न विचारले, शाळेकडून आलेलं सगळं वाचलं. मग सरळ सांगितलं — लक्ष टिकत नाही, अंगात थांबा नाही, हा तिचा वात्रटपणा नव्हे, तिचा मेंदू तसा आहे. गोळी आहे. सोबत आम्ही घरात कसं वागायचं, शाळेने काय बदलायचं, तेही आहे. "भूक कमी होईल, झोप उशिरा येईल. थोड्यापासून सुरू करू, आठवड्याने बघू. लोक घाबरवतात तितकं वाईट नाही. पण जादूही नाही."

मला माणूस आवडला. नवऱ्याने एकच विचारलं, "सवय लागेल?" डॉक्टरांनी नीट उत्तर दिलं, पण हा तेव्हा खिडकीबाहेरच्या क्रेनकडे बघत होता!

बाहेर आल्यावर — "एवढ्याशा पोरीला गोळ्या? नाही म्हणजे नाही."

आणि मी? याच गोळ्या कुलपाच्या खणातून काढून दुसऱ्यांच्या हातात देते, न्याहारीनंतर द्या म्हणून बजावते. आज घरी आणलेल्या स्ट्रिपबरोबरच्या माहितीपत्रकाची घडी उलगडली, बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली. भिंगरीचं गाणं बंद झालं तर? ती नुसती गप्प, शहाणी, दुसऱ्याच कुणाची मुलगी झाली तर?

महिनाअखेरपर्यंत बाकीचे उपाय करून बघायचे, असं ठरलं. स्ट्रिप डब्यात घालून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. दार नसलेल्या कपाटात!

१० फेब्रुवारी

नणंदबाई आल्या. कुणी बोलावलं? भावाने, दुसरं कोण.

"अगं, रसायनं कशाला घालतेस लेकराच्या पोटात? साखर बंद कर. गहू बंद. दूध बंद. आणि हे थेंब दे, फुलांच्या अर्काचे. अजिबात अपाय नाही."

"ताई, उपाय होतो का ते सांगा."

"तुझं ना, सगळं वाकड्यातच असतं."

स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी एक दिवस चुकली तर घाबऱ्याघुबऱ्या मला फोन करतात! ती काय झाडाला लागते? जिभेवर आलं होतं. गिळलं.

१५ फेब्रुवारी

टोपीवाल्याकडे. भिंगरीच्या डोक्यावर वायरींची टोपी, समोर पडद्यावर होडी. लक्ष दिलं की होडी पुढे जाते म्हणे. आमची होडी गोल गोल फिरली. भिंगरी खूश! मग तिला वायर कुठून कुठे जाते ते बघायचं होतं. बघितलं. उपटून.

मी विचारलं, "किती मुलांना फरक पडतो?" टोपीवाला म्हणाला, "प्रत्येक मूल वेगळं असतं, मॅडम." "बरं, किती दिवसांत?" "प्रत्येक मूल वेगळं असतं." पोपट परवडला.

१७ फेब्रुवारी

थेंब चालू. साखर बंद. पाव बंद. फरक शून्य.

१९ फेब्रुवारी

आज बाईंचा फोन की भिंगरीने शेजारच्या मुलीच्या डब्यातला केक चोरला. आणि विचारल्यावर खोटं बोलली. खोटं! ही पोर खिडकीवर चढते, वायरी उपटते, पण खोटं कधी बोलली नव्हती. ते आम्ही शिकवलं.

जेवताना म्हणाली, "मी वाईट आहे म्हणून मला पाव मिळत नाही ना?"

थेंबांची बाटली बेसिनमध्ये ओतली. ताईंना कळवलं. त्यांनी फोन आपटला, आपटू देत. पाव आणला, जाड लोणी लावून दिला. खाताना गात होती.

२१ फेब्रुवारी

खोटं का लिहू, एक गोष्ट चालते. शाळा सुटल्यावर ती बापाच्या कारखान्यात जाते आणि पॉलिश पेपरने फळी घासत बसते. बसते! डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं तो एका वेळी एकच काम सांगतो. नवरा मला विजयी मुद्रेने म्हणाला, "बघ, बसते की नाही?" मी म्हटलं, "शाळेच्या बाकांना पॉलिश करायला पाठवू का तिला?"

आज मात्र तिने गिऱ्हाइकाच्या तयार टेबलावर थेट पॉलिशचा ब्रश फिरवला. लालभडक! मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. हा ओरडला नाही. खाली बसला, लाकडाचा एक टाकाऊ तुकडा तिच्या हातात दिला. "आधी तुकड्यावर लावून बघायचं, भिंगरे. फळी एकदा बिघडली की बिघडली. तुकडा बिघडला तर काय जातं?" मग टेबल पुन्हा घासायला घेतलं.

लेकीशी इतका चांगला वागतो. मग मीच एकटी वाईट का ठरते या घरात?

२४ फेब्रुवारी

लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही.

शाळेच्या फाटकासमोर. माझा हात सोडून धावली. रस्त्यापलीकडे एक कुत्रा होता, बस्स, एवढंच कारण. स्कूटरवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचली. हनुवटी फाटली, टाके पडले. माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, मला थांबायचं होतं. पायांनी ऐकलंच नाही."

हे ऐकल्यावरही घरात चर्चाच!

मी म्हटलं, "महिनाअखेर गेली खड्ड्यात. उद्यापासून गोळी." तो पांढराफटक पडला होता. तरी म्हणतो, "थोडे दिवस थांब. मला जरा विचार करू दे."

"कसला विचार? तू कधी एक विचार शेवटपर्यंत नेला आहेस? ती दारं बघ!"

नको ते बोलले. पण खरं तेच बोलले. तीन दिवस दिलेत त्याला. एक तास जास्त नाही.

२५ फेब्रुवारी

आम्ही बोलत नाही. भिंगरी मध्ये बसून दोघांचे निरोप पोचवते, आणि अर्धे वाटेत विसरते.

२७ फेब्रुवारी, दुपारी, दुकानात

हद्द झाली!

सकाळी घाईत गोळ्यांचा डबा खाली घेतला. स्ट्रिपमधला एक खण फुटलेला. गोळी नाही! आधी भिंगरीला उठवून तोंड उघडायला लावलं, डोळे बघितले, खोदून खोदून विचारलं. नाही, तिने नाही. तिचा तर हातच पोचत नाही, स्टुलावर चढली असती तर स्टूल तिथेच सोडून गेली असती.

म्हणजे ताई. काल त्या येऊन गेल्या. एकेक करून फेकणार असतील. नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता, त्याला या घरात मीठ कुठे आहे ते सापडत नाही. शिवाय तो न्हाणीघरात. आतूनच ओरडला, "आज मी घरीच आहे." काम सोडून घरी! राहा.

दुकानातून ताईंना फोन लावला आणि सगळं बाहेर काढलं. फुलांचे थेंब, केक, हनुवटी, ब्लडप्रेशर, सगळं. त्या रडायलाच लागल्या. "तुझ्या डब्याला मी हात लावीन? मुलीची शपथ." खोटं! दुसरं कोण असणार? आज घरी गेले की दोघा भावंडांना समोर बसवते. आज एक तर मी, नाहीतर ते.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी

कपाटांना दारं लागली आहेत. सगळ्या कपाटांना. बिजागऱ्या, मुठी, आतल्या खिट्ट्या, सगळं. जमीन झाडलेली. हत्यारं जागच्या जागी. भिंगरी एकेक दार उघडत होती, मिटत होती.

तो ओट्याला टेकून खाली बसला होता. म्हणाला, "गोळी मी घेतली. आधी तुकड्यावर लावून बघावं म्हटलं."

दुसऱ्याचं औषध असं घेतात का, जीव गेला असता म्हणजे, असं ओरडायला मी तोंड उघडलंही होतं. त्याने वर बघितलं. डोळे भरलेले.

"एक सांग. तुम्हा सगळ्यांच्या डोक्यात रोज इतकं शांत असतं?"