वरवंट्याशेजारी बत्ता

शिरोळ,
९ डिसेंबर २०२४

चि. यशराज यास आबांचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या चौकीवर बर्फ पडायला लागलं की फोन मुका होतो, म्हणून हे पत्र. इकडं ऊसतोड जोरात आहे. आपला ट्रॅक्टर सध्या शेजारचा धैर्यशील चालवतोय, कारण मी घरात कमी आणि कोल्हापुरात जास्त असतो. तुझ्या आईचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, तोंड मात्र शाबूत आहे. निशिगंधाचे बाळंतपणाचे टाके भरून आले. ती आता माझ्यावर ओरडते, म्हणजे बरी झाली असं मी धरतो.

पोरगा गुटगुटीत झालाय. भूक लागली की अख्खी गल्ली जागी करतो. कान तुझे, कपाळ तिचं, राग माझा.

गेल्या फोनवर तू म्हणाला होतास, "आबा, बाबागाडी तुम्ही बघून घ्या. आई नुसता रंग बघंल." तर परवा मी, तुझी आई आणि निशिगंधा असे तिघं कोल्हापूरला दुकानात गेलो. पोराला तुझ्या सासूबाईंकडं ठेवलं होतं. मी जन्मभर उसाच्या ट्रॉल्या ओढलेल्या, त्यामुळं आधी चाकं बघितली. पहिल्या गाडीची चाकं खेळण्यातली वाटावीत अशी. दुकानदार म्हणाला, "पावणं, मॉलमधी एकदम लोण्यागत पळती." मी म्हटलं, "आमच्याकडं मॉल न्हाय, उसाची वाट हाय. खड्ड्यात गेली की आज्यासकट उताणी." दुसरीचा ब्रेक लागायचा पण सुटायचा नाही. तिसरीची म्हणे एका हातानं घडी होते. दुकानदाराला दोन्ही हातांनी होईना.

मग तुझ्या आईनं पिशवीतनं वरवंटा काढला. धुतलेला, हळदकुंकू लावलेला, तुझ्या जुन्या दुपट्यात गुंडाळलेला. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात, मग गाडीत का नको, असं तिचं म्हणणं. दुकानातल्या बायका बघत राहिल्या. दुकानदार म्हणाला, "आक्का, शीट फाटंल की." ही म्हणाली, "वरवंट्यानं फाटणारी शीट माझ्या नातवाला कशाला?"

तो हसला आणि त्यानं साधं विचारलं, "एकाची दावू का जुळ्याची?"

तुझ्या आईनं वरवंटा उचलून पोटाशी धरला.

पोरीबद्दल मी वर काही लिहिलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. फोनवर तू विचारलंस की मी "बरी हाय" म्हणायचो आणि आवाज तुटतोय सांगून फोन आईकडं द्यायचो. ती अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. नाकात नळी आहे. ती मधेच श्वास घ्यायला विसरते. मग यंत्र ओरडतं, सिस्टर तळपायाला टिचकी मारते आणि पोर परत श्वास घेते. डॉक्टर म्हणतात, वजन धरतेय, पण आत्ताच शब्द देता येणार नाही. तू तिथं डोंगरावर एकटा, म्हणून सांगितलं नाही. पण मागच्या आठवड्यात जे घडलं ते तुझ्यापासून लपवून ठेवणं मला जमेना.

त्या दिवशी निशिगंधाला कणकण होती. सिस्टर विद्याश्री, गडहिंग्लजकडची पोरगी आहे, मला म्हणाली, "आजोबा, शर्ट काढा. उघड्या छातीवर घ्यायचं बाळाला, घरच्या माणसाची ऊब लागती." मी हात धुतले, परत धुतले, तरी डिझेलचा वास येतोय असं वाटत होतं. तिनं पोरीला माझ्या छातीवर ठेवलं. यशराज, मक्याच्या कणसाएवढी पोर, आणि तिला नखं आहेत. नखांना कड आहे. पापणीला केस आहेत. मी अख्खं इंजिन खोलून जोडलेला माणूस, पण एवढ्याशा जागेत एवढं सगळं बसवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मधेच तिचा श्वास थांबला. मीही माझा धरला. मग मी हळूच घेतला, तर तिनं घेतला. यंत्र ओरडलं नाही. सिस्टर म्हणाली, "तुमच्याबरोबर चालतीया ती." मला देवळात सुद्धा कधी असं वाटलं नव्हतं. भीती वाटायची ती अजूनही वाटते, पण तिच्यावर आता नवल चढून बसलंय.

तरी खरं सांगतो, दुकानात मी एकाचीच गाडी मनात धरून गेलो होतो. रिकामी जागा रोज निशिगंधाच्या डोळ्यांपुढं कशाला, असं वाटत होतं. पण तीच बोलली, "दोघांची दाखवा."

दुकानदारानं एकामागं एक बसायची गाडी आणली. अरुंद, आपल्या दारातनं सहज जाईल अशी. मी खूश झालो. निशिगंधा म्हणाली, "मागच्याला नुसता पुढच्याचा टप दिसणार. पोटात शेजारी व्हती ती." मग शेजारी शेजारी बसायची आणली. आईनं डावीकडं वरवंटा ठेवला, मी ढकलली, तर गाडी डावीकडं ओढायला लागली. एका अंगाला माल भरलेल्या ट्रॉलीचं असंच होतं. दुकानदार म्हणाला, "एकालाच बसवणार असाल तर ही नगो."

तेव्हा तुझ्या आईनं पुन्हा पिशवीत हात घातला आणि खलातला बत्ता काढला. बारका, तिच्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. आम्हाला न सांगता आणला होता. तिनं तो उजवीकडं ठेवला आणि पट्टा लावला. निशिगंधानं तोंडाला पदर लावला. मी गाडी ढकलली. अगदी सरळ नाही, पण चालली.

घरी आणली तर दारातनं आत जाईना. निघताना मी चौकटीचं माप सुतळीनं घेतलं होतं, पण दुकानात सुतळी खिशातनं काढायचीच राहिली. काल गवंडी बोलावला आणि चौकट काढून दार रुंद केलं. तुझ्या आज्यानं बसवलेली चौकट होती. थंडी आत येते, आई बडबडते, पण गाडी सोप्यात उभी आहे. डावीकडं पोरगा झोपतो. उजवीकडं बत्ता असतो. आई खर्डा कुटायला शेजारनं बत्ता मागून आणते, पण हा कुणाला हलवू देत नाही.

बारसं एकट्याचं करायचं नाही असं ठरलंय. तू दोन नावं लिहून पाठव, पण पोरीचं आधी लिही आणि पत्र लगेच टाक. बारशाआधी नाव घेऊ नये हे मला कळतं. पण ती श्वास विसरते तेव्हा मला तिला काहीतरी म्हणून हाक मारायची आहे.

दोघांचा आजोबा,
आकाराम