रस्त्याकडे तोंड केलेला फळा

बाई, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या वाचनालयात कॉम्प्युटर नव्हता. त्यामुळे आता जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तुम्हाला कळणार नाही, आणि उरलेलं निम्मं पटणार नाही. तरी सांगतो. एकीला मी शब्द दिलाय, आणि तो पाळायचा तर तुमच्याशी बोलण्यावाचून इलाज नाही. ती कोण, ते पुढे येईलच. मी कुठलीही गोष्ट शेवटाकडून सांगतो अशी तुमची तक्रार असायची, म्हणून या वेळी सुरुवातीपासून सांगतोय.

सुरुवात म्हणजे आपला फळा. दर्यापूरच्या वाचनालयात मी शिपाई म्हणून लागलो तेव्हा अब्बा म्हणाले होते, "रुई से किताब अच्छी. खांसी नहीं होती." त्यांचं गाद्यांचं दुकान, रुईने छाती भरलेली; पुस्तकांच्या धुळीनेही माणूस खोकतो हे त्यांना कोण सांगणार. तुम्ही रोज सकाळी कुलूप उघडायच्या, पिशवी टेबलावर ठेवायच्या, आणि एकाही पेपराला हात लावायच्या आधी फळा पुसून त्यावर एका पुस्तकाचं नाव आणि खाली दोन ओळी लिहायच्या. ओळी पुस्तकातल्या नसत, तुमच्या असत. 'हे पुस्तक जेवताना वाचू नये, पोळी हातात राहते.' किंवा, 'या बाईला नवरा आवडत नाही, विहीर आवडते. का, ते वाचा.' पहिल्याच आठवड्यात तुम्ही पुस्तकं आणायला अकोल्याला गेलात आणि मी फळा तसाच राहू दिला. एवढं सुंदर अक्षर पुसायचं माझ्या जिवावर आलं होतं. तुम्ही एसटीतून उतरलात, मांडीवर सांभाळून आणलेले गठ्ठे माझ्या हातात दिलेत, आणि फळ्याकडे बघून म्हणालात, "काहून रे, हे काहून नाई पुसलं? कालचं दिसलं त आजचं कोन वाचते?" मी अक्षराचं कारण सांगितलं. त्यावर तुम्ही म्हणालात, "अक्षर पाहाले नाई येत लोकं." मी घरी जाऊन ते सांगितलं तर अब्बांना तुमचंच पटलं. त्यांनी गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची छोटी उशी शिवली, आत रुई भरली आणि फळा पुसायला म्हणून तुमच्यासाठी पाठवली. तुम्ही ती दोन्ही हातांत घेऊन दाबून पाहिलीत, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा तुमच्या डब्यातली भाकर मिळाली.

आणखी एक सकाळ आठवते. फळा तेव्हा ओसरीत, आतल्या भिंतीला टेकवलेला असायचा. तुम्ही आलात आणि म्हणालात, "हा उचल. तोंड रस्त्याकडं कर." मी म्हटलं, "बाई, धूळ बसन त्याच्यावर. अन् वाचनारे त सारे अंदर बसते." तुम्ही म्हणालात, "सांगतलं तेवढं कर." मी केलं, पण दिवसभर तोंड फुगवून बसलो. तुम्ही कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे फळा कायम रस्त्याकडेच बघत राहिला, आणि त्याच्यावरची धूळ झटकणं हे माझं कामच होऊन गेलं.

तुम्ही गेल्यावर, तुमच्याच आग्रहाने दिलेल्या परीक्षेच्या जोरावर, तुमच्या खुर्चीत मी बसलो. मग ती नापिकीची, कर्जाची वर्षं आली. तुम्ही ती पाहिली नाहीत ते बरं झालं. आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, पहिल्या पानावर, आणि कधी चांगल्यासाठी आलेलं आठवत नाही. पुण्याला राहणारे लोक फोन करून आवाज खाली आणून विचारायचे, तुमच्याकडे सगळे ठीक ना. त्या दिवसांत अमरावतीला आम्हा वाचनालयवाल्यांसाठी एक शिबिर झालं. शिकवायला एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर शोध कसा घ्यायचा ते दाखवताना सहज 'अमरावती' असं टाकलं. जे समोर आलं ते तुम्हाला सांगत नाही. पन्नाशीची माणसं आम्ही, शाळेतल्या पोरांसारखी खाली माना घालून बसलो. मॅडमनी पटकन पडदा बदलला. पण माझ्या मनात बसलं ते बसलंच: आपलं नाव टाकलं की त्याच्याबरोबर निदान एखादं पुस्तकही यायला हवं.

मग त्यांनी ब्लॉग शिकवला. आपलं पान आपणच काढायचं, त्यावर लिहायचं, आणि जगातल्या कोणीही ते वाचून खाली अभिप्राय द्यायचा. वाचणारे पुस्तकाला आपल्या मनाप्रमाणे खुणेचे शब्दही जोडू शकतात म्हणे. तुम्ही असतात तर तिथेच उठून उभ्या राहिल्या असतात. ज्या बाईने पुस्तकाच्या पाठीवर लिहायच्या वर्गांकातला एक ठिपका चुकला म्हणून मला अख्खं कपाट परत लावायला लावलं, तिच्या पुस्तकावर वाटेल त्याने 'रडवणारे' म्हणून चिठ्ठी डकवायची? मला मात्र गंमत वाटली. आमच्या बाकीच्या मंडळींनी पानांना वाचनालयांची लांबलचक नावं दिली. मी नाव दिलं, फळा. मराठी टंकताना वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची, तरी पहिल्या दिवशी दोन ओळी लिहिल्याच.

आणि त्यानंतर मी काय केलं असेल, बाई? तुम्ही शिकवलं तेच. सकाळी कुलूप उघडलं, दारातला फळा पुसला, लिहिला. मग कॉम्प्युटर लावला, कालचं पुसलं, आजचं लिहिलं. रोज. पुसायचं बटण कुठे आहे ते मॅडमनी दाखवलंच होतं. खाली कोणी काही लिहिलंय का, ते मी दुपारी एकदा बघायचो. काही नसायचं. मला वाटायचं, अजून लोकांना पत्ता लागला नसेल.

एक दिवस दुपारी खाली काहीतरी दिसलं. 'या फळ्यावर पूर्वी एक बाई लिहायच्या. त्या आहेत का?' पुढे बरंच होतं. एवढं वाचलं आणि लाइट गेली. लोडशेडिंगचे दिवस, गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. रात्रभर माझ्या डोक्यात तेच, कोण असेल, कुठून लिहिलं असेल. सकाळी आलो, दारातला फळा पुसला, कॉम्प्युटर लावला, कालचं पुसलं, आणि मग तो अभिप्राय शोधायला लागलो. हात पुढे गेले होते, डोकं मागून आलं. भानावर आलो तेव्हा तुमची विचारपूस करणारं या जगातलं बहुधा एकुलतं एक माणूस मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं. बाई, मी खुर्चीत बसून अक्षरशः रडलो.

शेवटी शिबिरातल्या मॅडमना फोन केला. म्हटलं, एक अभिप्राय हरवला. त्यांनी विचारलं, कुठल्या मजकुराखाली होता. म्हटलं, तो मजकूर पुसला. "का पुसला?" म्हटलं, आजचं लिहायचं होतं ना. त्यांनी विचारलं, "आणि परवाचा?" म्हटलं, तोही पुसला, रोजच पुसतो. मग त्या हसल्या, खूप वेळ हसल्या, आणि हसू आवरून म्हणाल्या, "अहो सर, ब्लॉग पुसायचा नसतो. नवीन लिहिलं की जुनं आपोआप खाली सरकतं." मी विचारलं, म्हणजे जागा संपत नाही? त्या म्हणाल्या, नाही. बाई, मी हे ऐकलं आणि मला आधी तुमचा तो एवढासा फळा आठवला, आणि त्यावरून पुसल्या गेलेल्या तुमच्या सगळ्या ओळी.

मॅडम पुढे म्हणाल्या, की प्रत्येक अभिप्राय मेलवरही येतो, तिथे बघा. मेल मी शिबिरातच काढली होती, नंतर उघडलीच नव्हती, आणि पासवर्ड साफ विसरलो होतो. तर मशीनने उलट मलाच प्रश्न घातला: तुमच्या आवडत्या शिक्षकाचं नाव काय? मी तुमचं नाव टाकलं, आडनावासकट. उघडेना. वडिलांच्या नावासकट टाकलं, तरी नाही. मग आठवलं की तुमचं नाव मी आयुष्यात कधी उच्चारलेलंच नाही. इंग्रजी अक्षरांत नुसतं 'बाई' लिहिलं, आणि दार उघडलं.

आत सगळे होते. म्हणजे लोक लिहीत होते, रात्री, आपापल्या पाळ्या संपल्यावर. आणि मी सकाळी खाली न बघताच पुसत होतो. पुण्याच्या कारखान्यातल्या एकाने लिहिलं होतं, 'सर, कालची ओळ कुठं गेली? रूमवर वाचून दाखवाची होती.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'आपल्या जिल्ह्याचं नाव टाकलं, घाबरतच टाकलं, तर पुस्तक निघालं.' ते वाचून मला एवढं बरं वाटलं की मी उठून चहा सांगितला. त्यांच्यातच तुमची विचारपूस करणारी तीही होती, तिचा अभिप्राय पूर्ण.

'या फळ्यावर पूर्वी एक बाई लिहायच्या. त्या आहेत का? मी शाळेत जाताना रस्त्यावरून फळा वाचायची. आत सगळी पुरुष मंडळी पेपर घेऊन बसलेली, आत यायची हिंमत नव्हती. फळा आत होता तेव्हा फाटकाशी मान वाकडी करून उभी राहायची. एक दिवस बाईंनी मला पाहिलं. दुसऱ्या दिवशी फळ्याचं तोंड रस्त्याकडे होतं. मी आता सुरतेला दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी संपली की तुमचा फळा पाहते. बाईले सांगजा, मले सारं दिसत होतं.'

तर बाई, एवढ्यासाठी मी त्या दिवशी तोंड फुगवलं होतं.

तिला उत्तर लिहायला बसलो. आधी लिहिलं, 'बाई गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.' तेवढं मात्र पुसलं. त्याच्या जागी एकच शब्द लिहिला, 'सांगतो'. आता इतकी वर्षं झाली, दारातला फळा मी अजून अब्बांच्या उशीनेच पुसतो, आणि कॉम्प्युटरवरचा पुसत नाही. ती अजून वाचते. कधी खाली लिहिते, 'आजचं आवडलं, बाईले दाखवजा.'

हे सगळं मी ब्लॉगच्याच चौकटीत टंकलंय, कारण हात तिथेच बसलाय. खाली दोन बटणं आहेत. 'प्रकाशित करा' दाबलं तर रात्रपाळी संपल्यावर ती हे वाचेल, आणि तिला कळेल की तुम्ही नाही. म्हणून दुसरं दाबतो, 'जतन करा'. ते फक्त मला दिसतं. बाई, तिला सारं दिसत होतं. सांगतो म्हणालो होतो, सांगितलं.