शेवटच्या सायकलच्या मागे

२ नोव्हेंबर, रविवार

चंदिगढला येऊन तीन आठवडे झाले आणि आज मी अधिकृतपणे वेडी झाले. फेब्रुवारीतल्या ट्रायथलॉनला नाव दिलं. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, वर पळायचं, आणि हे सगळं लागोपाठ. सांगलीला फोन केला, तर आईने विचारलं की मोहालीतली नोकरी सुटली की काय तुझी?

आमचे कोच हरविंदर सर. पहिल्याच दिवशी त्यांनी ओजस्विनीचं ‘ओ जी’ करून टाकलं. त्यांचा हुकूम असा की प्रत्येकाने सरावाची नोंद फोनमध्ये ठेवायची, शरीराची आणि मनाचीही. म्हणून हा खटाटोप. आजचं शरीर: दोन फेऱ्या पोहून तोंडाला फेस आला. मन: खूश.

ग्रुपमध्ये चक्क एक मराठी माणूस निघाला. अविनाशकाका, मूळचे अंबाजोगाईचे, वय बावन्न, इंडस्ट्रियल एरियात पंपांच्या कारखान्यात सुपरवायझर. डॉक्टरांनी रोज चाला म्हटलं, तर हे गृहस्थ थेट ट्रायथलॉनला आले! सगळ्यांत हळू कोण, यावर आमची दोघांची चुरस आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज सगळ्यांबरोबर पहिली लांब राइड. सेक्टर ४३ च्या बसस्टँडवरून झिरकपूर आणि परत. एकामागे एक चालायचं. मागच्याला पुढच्या चाकापलीकडे काही दिसत नाही, म्हणून खड्डा आला की पुढच्याने हात खाली करून दाखवायचा. मग त्याने आपल्या मागच्याला. असा निरोप शेवटपर्यंत जातो. सर म्हणाले की बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. शेवटच्याला तेवढी सूट, त्याच्या मागे कोणी नसतं.

शेवटचे कायम काका, आणि त्यांच्या पुढे मी. काका चार पॅडल मारतात आणि विसावा घेतात, की त्यांच्या चाकाची टिकटिक सुरू. मी म्हटलं, तुमच्यापेक्षा तुमची सायकलच जास्त बोलते. खूप हसले.

परतताना त्यांनी झिरकपूरला घरी नेलं. शालिनीकाकूंनी धपाटे वाढले. म्हणाल्या की यांना जरा सांभाळत जा, गाडी चालवताना यांचं अर्धं लक्ष आभाळात असतं. सांभाळते, असं मी तोंडात घास असतानाच कबूल केलं.

२१ डिसेंबर, रविवार

काका गेले.

नीट लिहिते. काल रात्री त्यांचा मेसेज होता की थंडी फार आहे, मी येत नाही. म्हणून आज शेवटची मी. धुकं इतकं की पुढच्याचा लाल दिवा तेवढा दिसत होता. झिरकपूरहून परत फिरलो. वाटेत रस्त्याच्या कडेला गटाराचं एक चेंबर आहे, त्याचं झाकण गेलेलं. पुढच्याने हात दाखवला, मी बाजूने निघाले. दोन किलोमीटर पुढे आल्यावर सरांना फोन आला, काका त्या चेंबरमध्ये पडले.

काकांना घरी राहवलं नव्हतं. आम्ही त्यांच्या घरावरून जाताना ते मागून येऊन मिळाले होते. कोणालाच न सांगता.

मी हात दाखवला नाही, कारण मागे कोणी नव्हतं. मी शेवटची होते.

२४ डिसेंबर

काकूंना भेटायला गेले. त्यांनी एकच विचारलं, शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं? मी म्हटलं, कोणी नाही, ते एकटेच होते. काकू म्हणाल्या की त्यांना एकटं कुठेच जाववायचं नाही, दुकानातसुद्धा. मला तिथे रडूही आलं नाही. घरी येऊन रडले.

३० डिसेंबर

भीती मोडायची म्हणून एकटीच सायकल काढली. विमानतळाच्या रस्त्याला लागले आणि मागे टिकटिक.

वळून पाहिलं, नुसतं धुकं. थांबले, आवाज थांबला. निघाले, तोही निघाला. मग खड्डा आला आणि माझा हात आपोआप खाली गेला. मागची टिकटिक त्या खड्ड्याला वळसा घालून पुन्हा माझ्या चाकामागे आली.

काका अजून माझ्या भरवशावर येत आहेत. रस्ताभर रडत आले.

४ जानेवारी

पोहताना तळपायाला बोट लागलं. एकदा, मग पुन्हा. तलावात मागचा असं करतो तेव्हा त्याला पुढे जायचं असतं. कडेला थांबून वाट दिली. कोणीच गेलं नाही. माझ्या रांगेत मी एकटीच होते.

सर म्हणतात, आठवडाभर विश्रांती घे.

७ जानेवारी

आता पायी चालतानाही टिकटिक. ऑफिसच्या जिन्यातही. झोप नाही. चालता चालता हात खाली करून दाखवते, लोक बघतात –

९ जानेवारी

काकूंचा फोन. काकांची सायकल दुरुस्त करून आणली आहे. रविवारी तिच्यावरून येणार, सेक्टर ४३ ला मला भेटणार, मग दोघींनी त्या जागेवर फुलं ठेवायला जायचं. तू पुढे राहा, मी मागे येते, असं म्हणाल्या. तुझ्यावर त्यांचा फार विश्वास होता, असंही म्हणाल्या.

सांगायला हवं. रविवारी सांगणार.

१० जानेवारी

आधी इथे खरं लिहिते. त्या दिवशी मला टिकटिक ऐकू आली होती.

चेंबरच्या आधी. स्पष्ट. ओळखलीही होती. बोटं गारठली होती, हँडल सोडवेना. वाटलं, काका असते तर हाक मारली असती. एक हात खाली करायचा होता. तेवढंही मी –

११ जानेवारी, रविवार, सकाळ

सेक्टर ४३. धुकं.

वीस मिनिटांपूर्वी मागे टिकटिक येऊन थांबली. वाटलं, काकू. सायकल तीच, आवाज तोच. वळून बघायचा धीर झाला नाही. पाठमोरीच बोलले. सगळं सांगितलं. ऐकू आली होती, हेसुद्धा.

मग ती टिकटिक माझ्या बाजूने पुढे निघून गेली. माणूस दिसला नाही. लाल दिवा फक्त. झिरकपूरकडे.

आणि आत्ता फोन – काकूंचा. इअरफोन लावून सायकलवरूनच बोलत होत्या. उशीर झाला, आत्ताच निघाले, म्हणाल्या. मला न्यायला आलीस ते बरं केलंस, काही दिसत नाही बघ. मी म्हटलं, मी इथेच आहे, ४३ ला. त्या हसल्या. मग माझ्यापुढे हा लाल दिवा कोणाचा? मी त्याच्याच मागे येतेय.

फोन कटला. लागत नाही. थांबा म्हणून मेसेज टाकला, पोचत नाही. पाय हलत नाहीत, बोटंच तेवढी चालताहेत –

त्या चेंबरचं झाकण अजून बसवलेलं नाही. मला ऐकू आलं होतं, हे काकांना इतके दिवस माहीत नव्हतं. तिथून हात न दाखवता पुढे कसं जायचं, हे त्यांना आत्ता मीच शिकवलं –